मुलगी ५ वर्षांची आहे, सुट्टीत घरच्या सामानात कसले प्रयोग करून घेता येतील?

तुम्ही लिहिलंय की बाजारातलं सायन्स किट आणायचं नाहीये आणि मोबाईल तर हातातून सुटत नाही. किट नकोच. हळदीच्या डब्यापासून सुरू करा, आमचा आख्खा आठवडा तेवढ्यावर गेला होता.

आमच्याकडं कोल्हापुरात रविवारी मटण असतंच आणि पोरगं ४ वर्षांचं असताना तांबडा रस्सा शर्टवर सांडणं पण ठरलेलं. एकदा त्याच्यासमोरच डागावर धुण्याच्या साबणाची वडी फिरवली आणि पिवळा डाग एकदम लाल झाला, तर ते घाबरलं की शर्टला रक्त आलं. मग साबण धुवून टाकला आणि त्याच्या हातात लिंबाची फोड दिली, चोळ म्हटलं, परत पिवळा! पुढच्या रविवारी त्यानं स्वतःच पांढऱ्या रस्स्याचा थेंब रुमालावर टाकून साबण लावून बघितला, काहीच झालं नाही कारण त्यात हळद नसते. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही असं करा, चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवून कोऱ्या कागदावर फासा आणि वाळवा. मग वडीच्या साबणाच्या पाण्यात कापसाची काडी बुडवून तिला त्यावर तिचं नाव लिहू दे, अक्षरं लाल उमटतात. लिंबू महाग असेल तर चिंचेचं पाणी चालतं पुसायला. हळदीत कर्क्युमिन नावाचं रंगद्रव्य असतं, ते आंबट पदार्थात पिवळंच राहतं आणि साबणासारख्या अल्कलीत (म्हणजे आंबटाच्या उलट गुणाच्या पदार्थात) लाल होतं, पण हे लगेच सांगू नका. आधी घरातलं एकेक आणून लावू दे, ताक, खायचा सोडा, टूथपेस्ट, शाम्पू. सोड्यानं रंग जरा फिकट येतो आणि शाम्पूनं बहुतेक वेळा येतच नाही, आणि "शाम्पू पण साबणच की, मग का नाही?" असं तिनं विचारलं की तिथं सांगा, शाम्पू बहुतेक वेळा वडीच्या साबणासारखा अल्कली नसतो. पूर्वी कुंकू पण हळदीत चुना वगैरे घालूनच करायचे, हे आजीकडून ऐकवा. फक्त चुना पोरांच्या हातात देऊ नका, डोळ्यात गेला तर लई वाईट, आणि सोडा-साबणाचे हात डोळ्याला लावू देऊ नका. कपड्यावर हळद पडलीच तर धुवून कडक उन्हात टाका, उन्हानं डाग उडतो.

दारात जास्वंद असेल तर पाकळ्या गरम पाण्यात टाका (गरम पाणी तुम्ही ओता), गार झालं की एका वाटीत लिंबू, एका वाटीत सोडा. एक गुलाबी होतं, दुसरं हिरवट.

हाताला काम पाहिजे असेल तर मिठाची कणीक. २ वाट्या मैदा, १ वाटी मीठ आणि साधारण वाटीभर पाणी, पण पाणी थोडं थोडं घाला, पोळीच्या कणकेपेक्षा जरा घट्ट पाहिजे. आमच्याकडं बेंदराला (पावसाळ्यातला बैलांचा सण) कुंभाराकडनं मातीचे बैल आणतात, ते बघून आम्ही या कणकेचे बैल केले, शिंगं हळदीनं रंगवली, पाठीवर लाल झूल पाहिजे म्हणून तिथं हळद फासून साबणाचं पाणी लावलं, ही आयडिया त्याचीच. पण आम्ही ते भर पावसाळ्यात केले, आणि मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं त्यामुळं चार दिवसांत बैल ओलसर होऊन पाय वाकले आणि पोरगं खूप रडलं. म्हणून तुम्ही मे महिन्यातच करा, दोन-तीन दिवस उन्हात उलटसुलट करून खडखडीत वाळवा आणि पाऊस सुरू व्हायच्या आत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, म्हणजे बेंदराला पाटावर मांडता येतील.