ओढ्यातलं पाणी तपासायची नोकरी, तीही सॅल्मनसाठी: कर्ज काढून पाठवायचं का?

नमस्कार दादा,

पत्र मिळालं. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो, दादा वाळवा तालुक्यातले, ऊसवाले, लेकीने रत्नागिरीच्या शिरगाव कॉलेजातून बी.एफ.एस्सी. (मत्स्यविज्ञानाची पदवी) केलंय, आता अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात मास्टर्सला ॲडमिशन मिळालंय आणि तिला पुढे तिथल्या शेतांमधल्या ओढ्यांचं पाणी आणि काठ तपासायचं काम करायचंय, सॅल्मन मासा टिकावा म्हणून. दादांचे प्रश्न दोन. चाळीस लाखांचं कर्ज काढून पोरगी ओढ्यात थर्मामीटर धरून उभी राहणार का, आणि शेतकऱ्याची लेक दुसऱ्या शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन त्याच्याच चुका काढणार का.

दुसरा आधी घेतो, कारण तो तुम्हाला जास्त टोचतोय हे पत्रात दिसतंय.

सिॲटलच्या उत्तरेला स्कॅजिट नावाचं खोरं आहे. बटाटा, बेरी, ट्युलिप, भाजीपाल्याचं बियाणं, सगळी कसदार सपाट जमीन, नदीला बांध घालून आणि चर काढून शेतीखाली आणलेली. त्याच नदीत पॅसिफिक सॅल्मनच्या पाचही जाती अंडी घालायला येतात. त्यातल्या कोहो जातीचं पिल्लू समुद्रात जायच्या आधी वर्षभर तरी लहान ओढ्यांत राहतं, कधी कधी शेताच्या चरातसुद्धा, म्हणजे शेतकऱ्याच्या लेखी जो निचऱ्याचा चर तेच माशाचं घर, आणि भांडण तिथंच पेटतं. १९७४ च्या बोल्ट निकालाने (बोल्ट हे न्यायाधीशाचं नाव) तिथल्या आदिवासी जमातींचा जुन्या करारांप्रमाणे पकडण्याजोग्या माशांत निम्म्यापर्यंत वाटा मान्य झालाय, आणि १९९९ मध्ये प्युजेट साउंडचा (सिॲटलजवळची खाडी) चिनूक जातीचा सॅल्मन धोक्यातल्या जातींच्या यादीत गेला. म्हणजे मासा घटला की प्रकरण कोर्टात जातं, आणि पहिलं बोट बहुतेक वेळा शेतकऱ्याकडेच जातं.

आता मला सांगा, अशा वेळी शेतकऱ्याच्या बाजूने काय उभं राहणार? आकडाच ना. सॅल्मनला थंड पाणी लागतं, आणि ओढा तुमच्या शेतात शिरतानाच तापलेला होता की तुमच्या शेतात तापला, हे वरच्या आणि खालच्या बाजूला मोजल्याशिवाय कुणाला कळणार नाही. स्कॅजिट काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) २००३ पासून याचसाठी शेतीभागातले ओढे नि चर नियमित तपासायला घेतले. आणि काठावर झाडं लावून पट्टा सोडला तर त्या जमिनीचं भाडं आणि लागवडीचा खर्च शेतकऱ्याला देणारी सरकारी योजनाही तिथे आहे, दहा-पंधरा वर्षांच्या कराराची. तेव्हा तुमची लेक पोलीस म्हणून जाणार नाहीये, आणि खरं सांगू का, ऊसवाल्याची लेक असणं हा तिचा प्लस पॉइंट आहे. मालकाने गेट उघडलं तरच काम होतं, आणि पेरणीच्या घाईत माणसाशी कधी बोलायचं नाही हे युनिव्हर्सिटीत शिकवत नाहीत.

थर्मामीटरची चेष्टा मात्र करू नका. तिथे उन्हाळ्यात काडेपेटीएवढा लॉगर, म्हणजे आपोआप नोंद ठेवणारं यंत्र, पांढऱ्या पाइपात घालून ओढ्यात बांधून ठेवतात, पाइप अशासाठी की त्यावर थेट ऊन पडू नये, आणि तो दर अर्ध्या तासाने तापमान नोंदवत बसतो. मग रोजचं कमाल घेऊन सलग सात दिवसांची सरासरी काढायची, आणि वॉशिंग्टनच्या नियमात ती सॅल्मनच्या बऱ्याच ओढ्यांसाठी १६ किंवा १७.५ अंशांच्या आत लागते. ऑगस्टमध्ये पाणी उतरलं की लॉगर उघडा पडतो आणि बिनबोभाट हवेचं तापमान नोंदवायला लागतो, ते आलेखात दिवस-रात्रीच्या मोठ्या उड्यांवरून ओळखून तेवढा डेटा काढून टाकावा लागतो. तो राहिला तर सावलीतला चांगला ओढा कागदावर नापास, आणि शेतकरी उगाच बदनाम.

ऑक्सिजनचंही तसंच. १० अंशांच्या पाण्यात लिटरला ११ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, २० अंशांना ९ च्या आसपास, म्हणून तर सावलीला एवढं महत्त्व. पण शेवाळ असलेल्या ओढ्यात भर दुपारी मोजलं तर आकडा झकास येतो आणि पहाटे तोच तळाला गेलेला असतो, कारण रात्रभर शेवाळही ऑक्सिजन खातं. त्यामुळे पहाटे उठावं लागतं. शिवाय काठाची सावली आरशाच्या छोट्या यंत्राने मोजायची, तळाच्या गोट्यांत गाळ किती बसलाय बघायचं (गाळाने अंडी गुदमरतात), दगडाखालचे किडे ओळखायचे, ब्लॅकबेरीच्या काट्यांतून वाट काढायची. हे उन्हाळ्यात. पावसाळी थंडीत बहुतेक वेळ एक्सेल, आर (आकडेवारीचं सॉफ्टवेअर), जीआयएस (संगणकावरचे नकाशे) आणि रिपोर्ट.

आता पैसे. इथे मी तुमच्या बाजूचा आहे.

ही नोकरी अस्तित्वात आहे, काउंटी, कॉन्झर्व्हेशन डिस्ट्रिक्ट (माती-पाणी जपायला शेतकऱ्यांना मदत करणारी स्थानिक संस्था), जमातींची नैसर्गिक संसाधन खाती, सॅल्मनवाल्या संस्था, कन्सल्टंट कंपन्या, सगळे माणसं घेतात, पण पगार आयटीचा नाही, अजिबात नाही, आणि सुरुवातीची बरीच कामं सीझनल असतात. त्यात आपल्या मुलांची खरी अडचण म्हणजे तिथली पोरं ज्या दाराने आत शिरतात ते आपल्याला बंद आहे. वॉशिंग्टन कॉन्झर्व्हेशन कोअरला (तरुणांना पर्यावरणाच्या कामावर घेणारा राज्याचा कार्यक्रम) नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले लागतात, केंद्र सरकारच्या नोकऱ्याही जवळपास सगळ्या नागरिकांनाच. शिक्षणानंतर एक वर्ष काम करता येतं, विषय स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) बसला तर आणखी दोन वर्षं, पण त्या वाढीव दोन वर्षांसाठी मालक ई-व्हेरिफायमध्ये (कामाची परवानगी ऑनलाइन तपासायची तिथली सरकारी व्यवस्था) नोंदलेला हवा आणि छोट्या संस्था तिथे नसतील तर सगळंच अडतं. हे एजंट सांगत नाही, त्याला कमिशन ॲडमिशनवर मिळतं.

म्हणून माझं स्पष्ट मत, असिस्टंटशिप मिळाली, म्हणजे फी माफ आणि महिन्याला स्टायपेंड, तर डोळे झाकून पाठवा. चाळीस लाखांचं कर्ज आणि थीसिस नसलेला कोर्स असं असेल तर यंदा नको. ती नाराज होईल, होऊ दे. तिने युनिव्हर्सिटीला ॲडमिशन एक वर्ष पुढे ढकलता येईल का विचारावं आणि तोवर प्रोफेसरांना थेट लिहावं. "आय ॲम पॅशनेट अबाउट सॅल्मन" वगैरे नको, सॅल्मन तिने अजून बघितलेलाही नाही. त्यापेक्षा हातात काम घेऊन लिहावं. कृष्णेत मेलेले मासे तरंगताना तुमच्या भागाने बघितलेत, तर तिने तुमच्याच शिवारातल्या एका ओढ्यावर वरच्या आणि खालच्या बाजूला दर पंधरवड्याला तापमान, ऑक्सिजन, गढूळपणा मोजावा, एक फेरी पहाटेची, एक दुपारची. पाण्यातला ऑक्सिजन रसायनांनी मोजायची विंकलर पद्धत तिला येत असणारच. मीटर कधी कॅलिब्रेट केला ते वहीत लिहावं, आणि डेटा आरमध्ये टाकून दोन पानांचा रिपोर्ट करावा. असा मेल प्रोफेसर शेवटपर्यंत वाचतो.

सोबत आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषद) पीजी परीक्षा द्यायला लावा. मुंबईत वर्सोव्याच्या सीआयएफईत (केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था) ॲक्वाटिक एन्व्हायर्नमेंट मॅनेजमेंटमध्ये एम.एफ.एस्सी. करता येतं, खर्च त्या मानाने काहीच नाही, आणि ते करून पीएचडीला बाहेर गेली तर पैसे युनिव्हर्सिटी देते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातही फ्रेझर खोऱ्यात हाच प्रश्न, हेच काम आहे, आणि मास्टर्सनंतर तीन वर्षांपर्यंतचं वर्क परमिट मिळू शकतं, तेही बघून ठेवा.

तिला ऑफर लेटर घेऊन मला मेल करायला सांगा. त्यात "फंडिंग" या शब्दापुढे नेमकं काय लिहिलंय ते बघायचंय, आणि ते बघितल्याशिवाय बँकेत सही करू नका.