वाउसोंत्लेला इंग्रजीत काय म्हणावं?

मेक्सिकन मेनूचं स्पॅनिशमधून इंग्रजी करताना तुम्ही 'वाउसोंत्लेस कापेआदोस'पाशी अडलात. वाउसोंत्ले ही एक मेक्सिकन भाजी आणि हा तिचा अंड्यात बुडवून तळलेला पदार्थ. शब्दकोश म्हणतो 'गूजफूट', संपादकांना हवंय 'ॲझटेक ब्रोकोली'. माझं ऐकाल तर दोन्ही नकोत. मूळ नाव ठेवा आणि पुढे चार शब्दांत ते काय आहे ते सांगा.

'गूजफूट' तसं चूक नाही, पण ते अख्ख्या चेनोपोडियम प्रजातीचं नाव झालं. त्यात आपला चाकवत आला, किन्वाही आला. शिवाय ते नाव पडलं पानाच्या आकारावरून, आणि वाउसोंत्लेचे खातात ते मुख्यतः कोवळे तुरे. 'लॅम्ब्ज क्वार्टर्स' हे दुसरं इंग्रजी नाव त्याहून वाईट: शाकाहारी गिऱ्हाईक मटण समजून पान उलटेल.

पदार्थ कसा करतात ते बघा, म्हणजे भाषांतर कुठे फसतं ते कळेल. तुरे मिठाच्या पाण्यात उकडून घट्ट पिळायचे, काड्यांच्या मध्ये ताज्या चीजचा तुकडा दाबायचा, पिठात घोळवून फेटलेल्या अंड्यात बुडवायचे आणि तळायचे. वर टोमॅटोचा नाहीतर पासिया मिरचीचा रस्सा. खाताना देठ हातात धरून कळ्या दातांनी ओढून घ्यायच्या, चोथा ताटाच्या कडेला. शेवग्याची शेंग खातो तसंच. मेनूवर 'स्पिनॅच फ्रिटर्स' लिहिलंत तर माणूस देठासकट चावणार आणि वेटरला बोलावणार.

काही जण नावाची फोड करून 'केसाळ राजगिरा' छापाचं काहीतरी करतात. ॲझटेक लोकांच्या नावाटल भाषेत 'वाउत्ली' म्हणजे राजगिरा आणि 'त्सोंत्ली' म्हणजे केस, हे खरं. पण 'वाउत्ली'त त्या लोकांनी राजगिरा आणि चेनोपोडियम दोन्ही बसवले होते. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने हे चेनोपोडियम बर्लांडिएरी, राजगिरा नव्हे.

मी असं लिहीन: 'वाउसोंत्ले, एडिबल बड क्लस्टर्स स्टफ्ड विथ चीज, बॅटर्ड अँड फ्राइड'. स्पेलिंग स्पॅनिशच ठेवा. सुरुवातीचा एच उच्चारात नसला तरी गाळू नका, नाहीतर कुणाला शोधून सापडायचं नाही.

आता हाच नियम सगळीकडे लावत बसू नका. याच मेनूत 'वेर्दोलागास' असेल तर सरळ 'पर्सलेन' लिहा. ती आपली घोळ, अगदी तीच वनस्पती, आणि इंग्रजी स्वयंपाकात ते नाव रुळलेलं आहे. 'एपासोते' या उग्र वासाच्या पाल्याला मात्र शब्दकोश 'वर्मसीड' देईल, कारण पोटातल्या जंतांवर तो देत असत. जेवणाच्या यादीत जंत कशाला? 'एपासोते'च ठेवा. 'रोमेरितोस'वर भाषांतराचं यंत्र हमखास आपटतं: 'रोमेरो' म्हणजे रोझमेरी, म्हणून हे 'लिटल रोझमेरी'! प्रत्यक्षात ती सुएदा प्रजातीतली भाजी, नाताळात आणि लेंटच्या उपवासात मोले (मिरच्यांचा दाट रस्सा) आणि सुक्या कोळंबीच्या वड्यांबरोबर करतात. तिथे रोझमेरी घातली तर पातेलं वाया.

मेनूऐवजी पाककृती असती तर पर्याय सुचवावा लागला असता. तो साहित्याच्या यादीत वेगळ्या ओळीत द्यायचा, नावाच्या जागी नाही. तुमच्या संपादकांची ब्रोकोली तिथे खुशाल बसेल.