मनाच्या औषधांबरोबर शरीराचीही नोंदवही ठेवा

तुमच्या भावाला स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारासाठी ओलान्झापिन हे औषध नुकतेच सुरू झाले असल्याने आधी घरात एक साधी वही करा आणि वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर व कोलेस्टेरॉल हे आकडे तारखेसह लिहून ठेवा. या औषधाने भूक आणि वजन वाढू शकते, आणि सुरुवातीचा आकडाच नसेल तर पुढे नेमके किती वाढले हे कोणालाच सांगता येत नाही. वजन सुरुवातीला दर आठवड्याला पाहावे; रक्ततपासणी साधारण 3 महिन्यांनी आणि त्यानंतर किमान वर्षातून एकदा करावी. घेर 90 सेंटिमीटरच्या वर गेल्यास डॉक्टरांना सांगा, मात्र औषध परस्पर बंद करू नका.

खरी अडचण दवाखान्यात येते. रुग्ण छातीत दुखते म्हणाला, तरी केसपेपरवरचे निदान वाचून 'हे मनाचे आहे' असे म्हणत त्याला परत पाठवले जाते, आणि माझ्या मते हा निष्काळजीपणाच आहे. अशा वेळी शांतपणे पण ठामपणे ईसीजीचा आग्रह धरा. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शारीरिक रुग्णांइतकीच समान वागणूक हा त्याचा हक्क ठरवला आहे.

पुढे क्लोझापिन हे याच आजाराचे दुसरे औषध दिले गेले, तर रक्तपेशींच्या ठरलेल्या तपासण्या चुकवू नका आणि बद्धकोष्ठता किरकोळ मानू नका, ती जिवावर बेतू शकते. बिडी-सिगारेट सोडायची असल्यास डॉक्टरांना आधी कळवा, कारण धूम्रपान थांबताच या औषधाची रक्तातील पातळी वाढते.