आयरिश पणजीची माहिती कुठे शोधू? नाव आणि जन्म साधारण १८८० चा, एवढंच ठाऊक आहे.

१९०१ आणि १९११ च्या जनगणनेपासून सुरुवात करा. आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर दोन्ही फुकट पाहता येतात. १९११ च्या फॉर्मवर विवाहित बाईच्या लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली आणि त्यातली किती हयात आहेत, हेही विचारलं होतं. पणजीबद्दल एका ओळीत एवढं सांगणारा दुसरा कागद सापडणं कठीण.

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या वयावर मात्र भरवसा ठेवू नका. १९०९ पासून सत्तरी गाठलेल्या गरिबांना पेन्शन मिळू लागली आणि दोन जनगणनांमधल्या दहा वर्षांत कित्येक म्हातारी माणसं पंधरा वर्षांनी मोठी झाली!

मग माहेरचं आडनाव. ते मुलांच्या जन्मनोंदीत असतं. लग्नाच्या नोंदीत वधूच्या वडिलांचं नाव आणि धंदा मिळतो, आईचं नाव नाही. वैताग येतो, पण इलाज नाही. सरकारी नोंदणी सर्वांसाठी १८६४ पासून सुरू झाली. आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई वर मूळ पानांचे फोटो फुकट दिसतात.

त्यामागच्या पिढीसाठी कॅथलिक पॅरिशच्या (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या) नोंदवह्या, राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर, बहुतेक १८८० पर्यंतच्या. १८२१ ते १८५१ च्या जनगणना शोधत बसू नका. १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या दफ्तरखान्याला आग लागली, त्यात त्या जवळजवळ सगळ्या गेल्या.

आणि हो, लग्न बहुधा वधूच्या पॅरिशमध्ये व्हायचं. माहेरचं गाव तिथेच आसपास शोधा.