पहिली टंगस्टन सुई करताना

नागपुरातच फील्ड एमिशनचे (म्हणजे तीव्र विद्युत क्षेत्राने थंड, टोकदार धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याचे) प्रयोग सुरू करतोयस हे तुझ्या पोस्टमध्ये वाचून फार बरं वाटलं. सुरुवातीला कार्बन नॅनोट्यूबच्या (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांच्या) मागे लागू नकोस. इलेक्ट्रॉन सोडायला एकच टंगस्टनची सुई घे आणि तीच नीट कर.

सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात टंगस्टनची तार उभी सोडून करंट दिला की पृष्ठभागाजवळ ती बारीक होत जाते आणि खालचा तुकडा गळून पडतो. त्याच क्षणी करंट तोडायचा. जरा उशीर झाला तरी टोक बोथट होतं. बहुतेकांची पहिली सुई इथेच वाया जाते, म्हणून करंट आपोआप तुटेल असं सर्किट आधी कर.

आणखी तीन गोष्टी:

- सुई ज्या चेंबरमध्ये ठेवशील तिथला व्हॅक्यूम १०⁻⁹ टॉरच्या (टॉर हे दाबाचं एकक) आसपास हवा. आपल्याकडे पावसाळ्यात चेंबर उघडं राहिलं की आत ओल बसते. बेकिंग, म्हणजे चेंबर तापवून ती ओल काढणं, टाळूच नकोस.
- सुईच्या सिरीजमध्ये मेगाओहमचा रेझिस्टर लाव. करंट एकदम उसळला तर टोक वितळतं.
- व्होल्टेज हळूहळू वाढव. उघड्या जोडणीला हात नको, आणि काही किलोव्होल्टच्या पुढे एक्स-रेचंही भान ठेव.

करंट आणि करंट डेन्सिटी (दर क्षेत्रफळामागचा करंट) यांची गल्लत मात्र करू नकोस. १ मायक्रोअँपिअर किरकोळ वाटतो, पण तो १०० बाय १०० नॅनोमीटरमधून निघत असेल तर डेन्सिटी १०,००० अँपिअर प्रति चौरस सेंटीमीटर होते! त्यामुळे आकडा वाढवण्याआधी तासभर स्थिर करंट मिळव.

अ‍ॅरे (अनेक सुयांची रांग), कोटिंग वगैरे नंतर बघू. आधी करंट आणि व्होल्टेजचं नातं दाखवणारा फाउलर-नॉर्डहाइमचा आलेख (१/V विरुद्ध ln(I/V²)) काढ, सरळ रेषा येते का बघ आणि इथे टाक.