वाचकांचे प्रश्न : चेंडूला हात न लावणारा खेळाडू

प्रश्न : माझा मुलगा कबड्डीत उजवा कोपरारक्षक म्हणून खेळतो. पकडी तो करतो, पण नाव चढाईपटूंचे होते. हल्ली तो मोबाइलवर अमेरिकन फुटबॉलचे सामने पाहतो आणि विचारतो की, पुढच्या रांगेतील जे खेळाडू चेंडूला हातही लावत नाहीत, त्यांना कोणी ओळखते का आणि ते पुढे प्रशिक्षक होतात का? — एक वाचक, कळवा (ठाणे)

उत्तर : आपल्या मुलाला विल्यम हेफेलफिंगर यांची कारकीर्द अवश्य सांगावी. १८६७ साली मिनिआपोलिस येथे जन्मलेले आणि ‘पज’ या टोपणनावाने ओळखले जाणारे हेफेलफिंगर १८८८ ते १८९१ या चार हंगामांत येल विद्यापीठाकडून गार्ड या जागी खेळले. ही जागा रांगेच्या मध्यावरील खेळाडूला लागून असते. त्या काळी चेंडू पुढे फेकण्याची मुभा नव्हती, ती १९०६ साली मिळाली. तोवर चेंडू घेऊन धावायचे आणि तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकायचे, असा खेळ होता. त्यातच १८८८ साली हात पसरून प्रतिस्पर्ध्याला अडवण्यास मनाई झाली, तेव्हा खेळाडू खांद्याला खांदा लावून दाटीने उभे राहू लागले. अशा दाटीत हेफेलफिंगर आपली जागा सोडून एक पाऊल मागे घेत, रांगेच्या मागून कडेकडे धावत आणि चेंडू घेतलेल्या सहकाऱ्याच्या पुढे राहून त्याची वाट मोकळी करीत. कोपरारक्षकाने घोटा धरल्यावर शेजाऱ्याने जागा सोडून झेप घेतली नाही, तर पकड सुटते, हे आपल्या मुलाला ठाऊकच असेल. त्यामुळे या चालीचे मोल त्याला चटकन कळेल.

१८८८ च्या हंगामात येलने १३ सामन्यांत ६९८ गुण मिळवले आणि एकही गुण दिला नाही. संघाला घडवणारे वॉल्टर कँप दिवसा घड्याळांच्या कारखान्यात नोकरी करीत, म्हणून त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस सराव पाहण्यास मैदानावर जात आणि कोण कसे खेळले ते पतीला सांगत. प्रशिक्षणाच्या इतिहासात या बाईंचा उल्लेख फार त्रोटक येतो, याची मला खंत वाटते. देशातील सर्वोत्तम ११ खेळाडूंची पहिली निवड १८८९ साली झाली; तीत आणि पुढील दोन्ही वर्षी हेफेलफिंगर होते.

१२ नोव्हेंबर १८९२ रोजी अ‍ॅलेघेनी येथील क्लबाने पिट्सबर्गच्या क्लबाविरुद्ध खेळण्यासाठी त्यांना ५०० डॉलर आणि वर २५ डॉलर खर्च दिला. सामना ४-० असा सुटला. प्रतिस्पर्ध्याच्या हातून निसटलेला चेंडू उचलून धावत हेफेलफिंगर यांनीच ते चार गुण केले. हौशी खेळात पैसे घेणे निषिद्ध असल्याने ही गोष्ट लपवून ठेवली गेली आणि अनेक दशकांनी क्लबाच्या हिशेबाच्या कागदात त्या ५०० डॉलरची नोंद सापडली. पैसे घेऊन खेळलेला पहिला ज्ञात अमेरिकन फुटबॉलपटू असा पुढच्या रांगेतील एक खेळाडू (लाइनमन) ठरला.

प्रशिक्षक म्हणून मात्र ते कुठेच स्थिरावले नाहीत. १८९३ साली कॅलिफोर्नियाच्या संघाने त्यांच्या हाताखाली पाच सामने जिंकले आणि एकच गमावला, पुढच्या वर्षी लीहायच्या संघाने पाच जिंकून नऊ गमावले आणि १८९५ साली मिनेसोटाच्या संघाने सात जिंकून तीन गमावले. त्यानंतर मुख्य प्रशिक्षकपद त्यांनी घेतले नाही. याउलट येलच्याच रांगेच्या टोकाला खेळणारे त्यांचे सहकारी अमोस अलोन्झो स्टॅग यांनी १८९२ पासून १९३२ पर्यंत शिकागो विद्यापीठाचा संघ सांभाळला. खेळाडू म्हणून हेफेलफिंगर सरस होते, असे माझे मत आहे. पण शिकवण्यासाठी लागणारी चिकाटी स्टॅग यांच्याकडे होती आणि ती वेगळीच विद्या आहे. आपल्या मुलाला प्रशिक्षक व्हायचे असेल, तर त्याने संघातील लहान मुलांना पकड शिकवायला आत्तापासूनच सुरुवात करावी.

पुढचा सामना पाहताना त्याला चेंडूवर नजर न ठेवता गार्डच्या पायांकडे पाहण्यास सांगावे. खेळ सुरू होताच गार्डने पाऊल मागे टाकून कडेकडे धाव घेतली, तर बहुतेक वेळा चेंडूही त्याच बाजूने येताना दिसेल.