ओल्या बर्फाच्या घाटासाठी ट्रकचे टायर

प्रश्न : आम्ही अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, सिएटलच्या पूर्वेस इसाक्वा येथे राहतो. आमच्याकडे २०१६ सालची फोर-व्हील ड्राइव्ह टोयोटा टॅकोमा असून तिच्या टायरचे माप २६५/७० आर १६ आहे. आठवडाभर पावसातून कामावर जाणे-येणे असते आणि हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन स्नोक्वाल्मी घाटात जाणे होते. टायर आता बरेच झिजले आहेत. दुकानदार ‘ई’ श्रेणीचे एलटी (लाइट ट्रकसाठीचे, जास्त भार पेलणारे) टायर सुचवतो, पण ते महाग पडतात; दुसरीकडे इंटरनेटवर अनोळखी कंपनीचे ऑल-टेरेन (डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांसाठीचे) टायर जवळजवळ निम्म्या किमतीत दिसतात. हिवाळ्यासाठी टायरचा वेगळा संच घेणे सध्या परवडणारे नाही. आम्ही काय घ्यावे? – एक वाचक, इसाक्वा

उत्तर : आपल्या वापरासाठी ‘ई’ श्रेणीचे टायर घेऊ नयेत, आणि ते निम्म्या किमतीचे टायरही घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याला हवा आहे तो साध्या, म्हणजे पॅसेंजर बांधणीचा, साइडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण असलेला ऑल-टेरेन टायर.

आपल्या रस्त्याचे स्वरूप आधी लक्षात घ्यायला हवे. स्नोक्वाल्मी घाट ज्या पर्वतरांगेत आहे त्या कॅस्केड पर्वतातील बर्फ कोरडा आणि भुसभुशीत नसतो; तेथील तापमान शून्याच्या आसपास रेंगाळत असल्यामुळे तो जड आणि पाणीदार पडतो, दुपारी त्याचा रस्त्यावर चिखल होतो आणि सूर्य मावळला की तोच चिखल गोठून काच होतो. म्हणजे एकाच फेरीत आपल्या टायरला सखल भागातला पाऊस, घाटातला बर्फाचा चिखल आणि परतीच्या वाटेवरचा गोठलेला पृष्ठभाग या तिन्हींना तोंड द्यावे लागते. दिसायला दणकट, मोठमोठ्या ठोकळ्यांची नक्षी असलेला टायर चिखलमातीत उपयोगी पडतो; परंतु ओल्या डांबरावर आणि दाबून कडक झालेल्या बर्फावर पकड मिळते ती ठोकळ्यांवर कापलेल्या बारीक चिरांमुळे आणि थंडीतही मऊ राहणाऱ्या रबरामुळे. दुकानात टायर हाताने चाचपून पाहा : ठोकळा मोठा, पण त्यावर चिरा दोन-तीनच आणि त्याही उथळ असतील, तर तो टायर आपल्यासाठी नाही.

आता खुणांविषयी. ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) ही अक्षरे केवळ नक्षीच्या रचनेवरून दिली जातात, त्यासाठी बर्फावरची कोणतीही चाचणी द्यावी लागत नाही. डोंगर-हिमकणाची खूण १९९९ साली सुरू झाली आणि ती मिळवण्यासाठी टायरला दाबलेल्या बर्फावर ठरावीक प्रमाण टायरपेक्षा सरस पकड दाखवावी लागते. मात्र ती चाचणी गाडी पुढे खेचण्याच्या क्षमतेची असते. ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरात थांबेल, वळणावर सरकेल का, किंवा गुळगुळीत गोठलेल्या थरावर काय होईल, हे त्या खुणेवरून कळत नाही. फोर-व्हील ड्राइव्हचेही तसेच आहे. ती गाडीला चढावर सहज नेते, पण उतारावर थांबवण्याचे काम शेवटी चार टायरांच्या रबरालाच करावे लागते. ऑल-टेरेन टायर ही तडजोड आहे आणि तिची कमकुवत बाजू म्हणजे गोठलेला रस्ता. म्हणून संध्याकाळी परतताना घाट गोठण्याच्या आत उतरण्याची शिस्त पाळावी, असे मी आग्रहाने सांगेन.

‘ई’ श्रेणीचा टायर का नको? त्याची बांधणी जड ओझे ओढणाऱ्या आणि दगडधोंड्यांत फिरणाऱ्या ट्रकसाठी असते. तो वजनाने जड असतो, त्याच्या बाजू ताठ असतात, इंधन जास्त लागते आणि रिकाम्या ट्रकमध्ये गचके बसतात; त्याला हवाही अधिक भरावी लागते. आपल्या मापाच्या साध्या टायरवर बहुधा ११२ हा भारांक असतो, म्हणजे एका टायरला १,१२० किलो. असा टायर ट्रकवर बसवताना ही क्षमता नियमानुसार १.१ ने भागून धरावी लागते, तरीही ती प्रत्येकी १,००० किलोच्या वर राहते. मुले, सामान आणि बर्फावरची खेळणी यांसाठी ती पुरेशी आहे. अवजड ट्रेलर ओढायचा असता तर माझा सल्ला वेगळा असता.

अनोळखी स्वस्त टायरबाबत माझा आक्षेप नावाला नाही, हिशेबाला आहे. नव्या ऑल-टेरेन टायरच्या नक्षीची खोली साधारण १२/३२ इंच असते. कायद्याने तो २/३२ पर्यंत चालतो, परंतु बर्फात ६/३२ च्या खाली गेल्यावर त्याचा भरवसा राहत नाही आणि पावसात ४/३२ च्या खाली पाणी बाजूला सारण्याची शक्ती झपाट्याने घटते. म्हणजे हिवाळ्याच्या दृष्टीने आपण टायरचे अर्धेच आयुष्य विकत घेत असतो, आणि लवकर झिजणारा टायर ते अर्धे आयुष्य आणखी कमी करतो. खोली मोजायला उपकरण नसले तरी चालेल. २००८ पूर्वीचे एक सेंटचे नाणे घेऊन, ज्या बाजूला लिंकन स्मारक आहे ते उलटे धरून नक्षीच्या खाचेत घालावे. स्मारकाचा माथा खाचेत झाकला गेला, तर ६/३२ पेक्षा जास्त खोली शिल्लक आहे असे समजावे.

मध्यम किमतीत कूपर डिस्कव्हरर एटी३ ४एस, फाल्कन वाइल्डपीक ए/टी३डब्ल्यू, जनरल ग्रॅबर ए/टीएक्स आणि कुम्हो रोड व्हेंचर एटी५२ हे टायर पाहण्यासारखे आहेत. कूपरच्या टायरला ६५,००० मैलांची आणि फाल्कनच्या टायरला ५५,००० मैलांची झिजेची हमी दिलेली आहे. आपला प्रवास बहुतांशी ओल्या डांबरावरचा असल्याने माझा कल कूपरकडे आहे. वाइल्डपीकचे पुढचे मॉडेल बाजारात आल्यामुळे जुना साठा सवलतीत मिळाला तर तोही सोडू नये. मात्र साइडवॉलवरील ‘डीओटी’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या उत्पादन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचावेत. त्यातील पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. डोंगर-हिमकणाची खूणही जाहिरातीत नव्हे, तर आपल्या मापाच्या प्रत्यक्ष टायरवर पाहावी, कारण एकाच मॉडेलच्या सर्व मापांना ती असेलच असे नाही.

टायर चारही एकदम बदलावेत. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये कमी-अधिक झिजलेले टायर एकत्र ठेवल्यास पकड विषम होते आणि यंत्रणेवरही ताण येतो. दर ५,००० मैलांनी त्यांच्या जागा बदलून घ्याव्यात. थंडीत दर १० अंश फॅरनहाइटला हवेचा दाब सुमारे १ पीएसआयने (पौंड प्रति चौरस इंच) उतरतो, म्हणून पहिली कडक थंडी पडताच, गाडी थंड असताना, दारावरच्या पट्टीवरील आकड्यानुसार हवा भरून घ्यावी.

आणखी एक खर्च टाळू नये. वॉशिंग्टनमध्ये घाटात साखळ्या (बर्फात पकडीसाठी टायरवर चढवायच्या) सक्तीच्या केल्याचा फलक लागला, तरी चारही चाकांना जोर दिलेल्या आणि योग्य टायर असलेल्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीला साखळ्या चढवण्यातून सूट मिळते, पण त्या गाडीत बाळगाव्याच लागतात. आपल्या मापाचा साखळ्यांचा जोड गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे निवडावा आणि घाटात जाण्याआधी एकदा घराच्या अंगणात, दिवसाउजेडी, हातमोजे घालून तो चढवून पाहावा.